हशा पडला, तोही समेवर

या आठवड्याचं पत्र जरा लांबलचक होतं, थोडं कापून देते:

"ताई, मी २६ वर्षांचा. गाव सांगलीजवळ, नोकरी पुण्यात. आम्ही तिघे मित्र विडंबनगीतं करतो. पीजीचा मालक, हिंजवडीचं ट्रॅफिक, मेसची आमटी, असले विषय. रील्स बरी चालतात, कार्यक्रमांना बोलावणी येतात. माझे बाबा साखर कारखान्यात होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. हंगामात रात्रपाळी करून पहाटे यायचे तेव्हा अंगाला मळीचा वास असायचा. आई दार उघडताना म्हणायची, 'आला कारखाना घरी.' बाबांवर मी एक गाणं केलं, अगदी मनापासून. चुलतभावाच्या लग्नात ते म्हटलं. सुरुवातीलाच म्हणालो, 'आता एक सीरियस गाणं आहे, झोपू नका.' 'सदऱ्याला तुमच्या मळीचा वास' ही ओळ आली आणि सगळा हॉल हसला. मी गांगरलो. शेवटचा अंतरा गावरान आवाज काढून, टवाळी करत उरकला. टाळ्या खूप पडल्या. बाबाही हसत होते. नंतर म्हणाले, 'भारी झालं.' तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

दुसरी गोष्ट. आम्ही मित्र गाडीत बेंजो पार्टीची रेकॉर्डिंग टिंगल करायला लावायचो. आता एकटा असलो की मी तीच ऐकतो आणि ती मला खरंच आवडतात. मित्रांना सांगायची लाज वाटते, कारण एका बेंजोवाल्याच्या तोंडाच्या हावभावांवर आम्ही रीलही केलं होतं आणि ते खूप पाहिलं गेलं. खरं काय आणि थट्टा काय हेच कळेनासं झालंय. विनोदी गाणी सोडून द्यावीत का? गाण्याचं रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय. — पेटीवाला, सांगली"

प्रिय पेटीवाल्या,

सोडू नकोस. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकताना त्या ओळीला मीही हसले. कबूल करते. मग पेटी पुढ्यात ओढली आणि आपण का हसलो ते शोधत बसले. केरवा आहे तुझा, आठ मात्रांचा ताल, साधा, चालता. पहिली ओळ सरळ जाते. दुसऱ्या ओळीत 'सदऱ्याला तुमच्या' म्हटलंस की दोन मात्रा गप्प. गळा गप्प, पेटीचा भाताही गप्प. आणि मग 'मळीचा' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आपटतोस. अरे, ही तर विनोदाची जागा! तुझी बाकीची गाणीही ऐकली मी. आमटीच्या गाण्यात डाळ शोधायला पाणबुडी येते, ती याच दोन मात्रांनंतर. पीजीच्या मालकाचं डिपॉझिट बुडतं तेही इथेच. मी थांबलो की हसायचं, हे तूच इतके दिवस लोकांना शिकवलंस. शिकवल्याप्रमाणे ते हसले. त्यांच्यावर रागावू नकोस, वर्गातली हुशार मुलं आहेत ती.

वरून 'झोपू नका' म्हणून आगाऊ परवानगी दिलीस. गाण्याआधी माफी मागून ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'घसा बसलाय', 'रियाज सुटलाय', 'पेटी माझी नाही हो', 'यांनी आग्रह केला म्हणून'. मीही यातलं प्रत्येक वाक्य वापरलंय, काही तर एकाच बैठकीत. 'सीरियस आहे, झोपू नका' हे त्याच कुळातलं. गाणं पडलं तर 'मी कुठे मनावर घेतलं होतं' म्हणायला मागचं दार उघडं राहतं. घोटाळा असा होतो की ऐकणाऱ्यांनाही ते उघडं दार दिसतं, आणि गाणाराच एक पाय बाहेर ठेवून उभा असेल तर आपण कशाला आत जाऊन बसावं, असं त्यांना वाटतं.

तेव्हा पहिली दुरुस्ती फुकट होण्यासारखी आहे. ते प्रास्ताविक काढ. दोन मात्रांची ती गप्पी काढ, 'सदऱ्याला तुमच्या मळीचा' हे एका दमात म्हण आणि समेवर 'वास' येऊ दे. एवढं करूनही कुणी हसलं तर हसू दे. त्याच लयीत पुढची ओळ घे. हशा संपायची वाट बघायची नाही, हशाकडे बघायचंही नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत भारूड व्हायचं. सोंग घेणारा गडी नऊवारी नेसलेला, पावडरीखालून दाढीची निळी छटा दिसत असलेली. एकनाथ महाराजांचं ते 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला'. आता त्यातली सून देवीकडे काय मागते बघ. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. (खरूज! सोळाव्या शतकातल्या संताच्या तोंडी. आज कुणी असं लिहिलं तर मुलांच्या आरोग्यावरून दोन दिवस वाद चालेल.) बायकांच्या बाजूला हसून हसून नुसता गोंधळ. एकेक नातेवाईक कटत जातो, नवऱ्याचाही नंबर लागतो, आणि शेवटी 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला'.

कीर्तनकार याचा अर्थ सांगतात की हे सासू-सासरे म्हणजे आपल्याला चिकटलेले विकार, ते गेले की जीव एकटा देवापाशी उरतो. बरोबरच आहे. पण त्या अंगणात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, आमच्या शेजारच्या काकूंनी ती शेवटची ओळ त्या गड्यापेक्षा मोठ्यानं म्हटली होती. एकटीच राहू दे मला. चार पोरं, आजारी सासू आणि बारा महिने पाहुणे असलेल्या काकूंनी. त्या विकारांबद्दल बोलत होत्या की सासूबद्दल, मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि तो सोंगाडा? सबंध भारुडात त्यानं एकदाही आमच्याकडे बघून डोळा मारला नाही. 'मी खरा पुरुष आहे बरं का, ही नुसती गंमत' असा भाव नाही. तो सून होता आणि त्याला रोडगा वाहायचा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे, पेटीवाल्या. हसवलंस की रडवलंस हा प्रश्नच नाही. सदऱ्यावर गाताना तू आत होतास का, हा आहे. पहिल्या मुखड्यापर्यंत होतास. हशा पडला आणि पळालास.

विनोद करणाऱ्याला गंभीर होण्याचा हक्क नाही असं तुला कुणी सांगितलं असेल तर केशवकुमार आठव. म्हणजे आपले आचार्य अत्रे. कवितेत त्यांनी हे नाव घेतलं होतं. याच नावानं त्यांनी 'झेंडूची फुले' लिहून आपल्या काळच्या हळव्या कवींची यथेच्छ रेवडी उडवली. आणि याच नावानं 'आजीचे घड्याळ' लिहिलं. शाळेत पाठ केलं असशील. आजीकडे कसलंही घड्याळ नसतं, पण तिला वेळ अचूक कळते, आणि नातवंडं ते घड्याळ शोधत बसतात. आता पेटीवर धर: 'आजीच्या जवळी घड्याळ कसले आहे चमत्कारिक'. मोजलीस अक्षरं? एकोणीस. बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. शार्दूलविक्रीडित आहे हे, मंगलाष्टकांचं वृत्त! लग्नात भटजी ज्या भारदस्त चालीत 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणतात, त्या चालीत नातवाची बाळबोध शंका. थट्टा आहे? आहेच. आणि माया? तीही आहे, आणि दोन्ही एकाच ओळीत बसलेत. कुणी कुणाला सरकून घ्यायला सांगत नाही. त्या माणसानं विडंबनासाठी एक नाव आणि मनापासूनच्या कवितेसाठी दुसरं असं केलं नाही. तूही दुसरं चॅनेल काढू नकोस, मित्र सुचवतीलच.

आणि पु. ल. तर आहेतच. १९५३ सालचा 'गुळाचा गणपती', ज्याची जाहिरातच 'सबकुछ पु. ल.' अशी झाली, तो विनोदी चित्रपट. भोळसट नायक, पळापळ, सगळं. त्यातच 'इंद्रायणी काठी' आहे. गदिमांचे शब्द, पुलंची चाल, भीमसेनांचा गळा. आमच्या भजनी मंडळातल्या निम्म्या जणी तो संतांचा अभंग समजतात आणि मीही त्यांची समजूत घालायचं सोडून दिलंय. विनोदी चित्रपटात गाणं आलं म्हणून ते कुणी हसत ऐकलं नाही. चालीत कुठेही 'मी पु. ल. आहे, विसरू नका' नाही, एवढं साधं कारण आहे त्याचं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुला वाटेल गंभीर म्हणजे खरं. मुळीच नाही. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा बघ. स्पर्धकानं तोंड उघडायच्या आधी त्याच्या घरची चूल दाखवतात, मागे बासरी, परीक्षकाच्या डोळ्यांवर कॅमेरा. त्या पोराचं गाणं खरं असतं, भोवतीचा मामला बेतलेला. तुझ्या भाषेत 'सेंटी मारणं'. तुझ्या आमटीच्या गाण्यात यापेक्षा जास्त सच्चेपणा आहे, कारण ती आमटी तू खाल्ली आहेस.

आता बेंजो. इथे मी तुझ्या बाजूनं आहे आणि तुझ्यावर नाराजही आहे.

आधी बाजू घेते. टिंगल म्हणून एखादं गाणं माणूस तीनदा ऐकतो, फार तर पाचदा. एकटा असताना, मध्यरात्री, कानात हेडफोन घालून कुणी टिंगल करत नाही. तुला ते आवडतं, विषय संपला. आणि आवडण्यासारखंच आहे. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेच्या बॅंजोशी नावापुरता संबंध. हे वाद्य मूळचं जपानी. नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो नावाच्या माणसानं ते तयार केलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पत्तीनं तार छेडायची. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून घराघरांत आलं आणि पुढे आमच्या पोरांनी त्याला पिकअप लावून, अ‍ॅम्प्लिफायरला जोडून थेट वरातीत आणि विसर्जनाला उतरवलं. तार छेडली की सूर लगेच विरतो, लांबत नाही. म्हणून वाजवणारा तोच सूर भरभर छेडत राहतो. तुला आवडते ती थरथर याची आहे. लांब सूर हवा आणि वाद्यात तो नाही, तेव्हा हातानं तो भरून काढायचा.

आणि त्याच्या तोंडाचे हावभाव. मी ऑर्केस्ट्रात आठ वर्षं पेटी वाजवली आहे, म्हणून सांगते. कानाशी ताशा चाललेला असतो, मागे स्पीकरचा डोंगर. स्वतःचं वाद्य स्वतःला धड ऐकू येत नाही. अशा वेळी तोंडानं गाणं म्हणत, जबड्यानं मात्रा धरत वाजवावं लागतं, नाहीतर बोट चुकतं. ज्याला तुम्ही हसलात ते त्याचं मीटर होतं. तो पूर्णपणे आत होता रे. तुला लग्नात जे जमलं नाही ते त्याला भर रस्त्यात, उन्हात, ट्रॅक्टरवर उभं राहून जमत होतं, आणि त्याचं तुम्ही रील केलंत.

ते रील काढून टाक. आज. मित्रांशी चर्चा करून नव्हे, आधी काढ आणि मग सांग. तो माणूस शोधता आला तर माफी माग, नाही सापडला तर निदान ते आणखी कुणाच्या फोनवर जायला नको. त्यात विडंबन नव्हतं. विडंबनाला मूळ गाणं अक्षर न् अक्षर यावं लागतं, बसून बसून चाल गिरवावी लागते, आणि एवढं गिरवलेल्या गोष्टीवर थोडा जीव जडतोच. तुम्ही त्याच्या वाजवण्यातली एक मात्रा तरी उचलली होती का? फक्त तोंड उचललंत.

मित्रांना सांगायची लाज वाटते म्हणतोस. माझ्या पेटीची गोष्ट ऐक. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, सूर ठोकळेबाज, विलायती खोकं, असं सगळं म्हणून १९४० साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. तेवढ्या काळात महाराष्ट्रातलं एकही भजन पेटीवाचून अडलं नाही आणि कुणी लाजून ती माळ्यावर टाकली नाही. गाडीत पुढच्या वेळी बेंजो लाव आणि टिंगल सुरू झाली की फक्त 'थांब, हा तुकडा ऐक' एवढं म्हण. दोघांपैकी एकजण तरी आधीच चोरून ऐकत असतो, पैज लावते.

राहिले बाबा. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, तूही शेवटीच ठेवलं असतंस.

शेवटचा अंतरा तू 'गावरान आवाज' काढून म्हटलास असं लिहिलंस. तो आवाज कुणाचा आहे? मी पुन्हा पुन्हा ऐकला. 'आलो गं', 'दार उघड की'. हा काही लोकनाट्यातला सोंगाड्या नाही. हा हंगामातल्या रात्रपाळीहून आलेला, दमलेला माणूस आहे. तुझ्या बाबांच्याच बोलीची नक्कल केलीस तू, गांगरलेल्या अवस्थेत, आणि मला विचारशील तर सबंध गाण्यात तोच भाग सगळ्यांत अस्सल होता. फक्त तू तो वेडावून दाखवायला वापरलास.

नक्कल वाईट नसते. कुमार गंधर्व लहानपणी नकलेसाठीच गाजले, थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ते बालवयात हुबेहूब म्हणून दाखवायचे. पुढे मोठेपणी त्यांनी बालगंधर्वांची पदं गायली, तेव्हा कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व', आणि त्यात नक्कल करण्याचा मोह कुठेही नाही. 'उमजलेले' हा शब्द कागदावर लिहून पेटीला चिकटवून ठेव. तो अंतरा त्याच बोलीत ठेव, पण वेडावू नकोस. बाबा बोलतात तसं बोल.

आणि ते हसले म्हणून झोप उडालीय ना तुझी? जरा उलटून बघ. ज्या घरात 'आला कारखाना घरी' म्हणून नवऱ्याला दारात घ्यायची पद्धत होती, त्या घरात मळीच्या वासावर तू जन्मायच्या आधीपासून हसत असणार. बाबा तुझ्या गाण्याला हसले असं तू धरून चाललास. मला वाटतं, त्या हॉलमध्ये ते एकटेच योग्य गोष्टीला हसत होते. ते 'भारी झालं' म्हणाले, तर भारी झालं असेल. ते काय विचार करत होते हे मला माहीत नाही, तुलाही नाही. विचारता येईल. माणूस घरीच असतो आता.

तुझ्या गाण्याची खरी अडचण दुसरीच आहे. त्यात बाबा फार थोर झालेत. घाम, कष्ट, पहाट, त्याग, सगळं जागच्या जागी, आणि दारात उभी असलेली तुझी आई कुठेच नाही. पत्रातली सगळ्यांत चांगली ओळ तिची आहे आणि तू ती गाण्यात घेतलीच नाहीस! बहुतेक विनोदी वाटेल म्हणून वगळलीस. ती घे. मुखडाच तिच्यापासून सुरू कर: 'आला कारखाना घरी'. लोक हसतील, हसू देत. दुसऱ्या ओळीला पहाट येईल, तिसरीला सदरा, आणि तोवर ते दारातून आत आलेले असतील. दुसऱ्यांदा मुखडा येईल तेव्हा तीच ओळ त्यांना वेगळी ऐकू येते का ते बघ. नाही आली तर चाल बदलू, मला पुन्हा पाठव.

पहिल्यांदा घरी म्हण, दोघांसमोर, स्वयंपाकघरात, पेटी मांडीजवळ घेऊन. मोबाइल बाहेरच्या खोलीत राहू दे. आईनं मध्येच 'ते तसं नव्हतं' म्हणून दुरुस्ती केली तर लगेच लिहून घे.

आणि मुखड्यानंतरचा तुकडा पेटीवर नको, बेंजोला दे. तुझ्या भागात चांगले वाजवणारे मिळतील. फक्त दर आधी ठरव आणि लग्नसराई उलटल्यावर बोलाव, सीझनमध्ये ते परवडत नाहीत.